शेरा

फेगडेकाकांचा फोन आला की समजायचं, मे लागला.
"तडवी, दोन दहाला गेला. दोन चौदाला आला."
नेट म्हणत नाहीत ते. दिवा म्हणतात.

भुसावळला चौतीस वर्षं सिग्नल सांभाळले त्यांनी.
लाल म्हणजे लाल,
लालात 'जरा थांबून बघू' असं काही नसतं.
आणि आमच्या ऑफिसातली पोरगी सांगते,
बंद करा काका, तीस मोजा, चालू करा.
त्यांनी मोजले. पाचदा. तेही वहीत आहे.
नेट कशाला हवं, तर गाड्या बघायला,
कोणती किती लेट धावतेय. बाकी काही नाही.

ही माझी चौथी खेप.
पहिल्यांदा खारीवर घातलं,
खांबावरची वायर कुरतडलेली होतीच.
दुसऱ्यांदा पिवळी दोरी बदलली.
तिसऱ्यांदा पासवर्ड, चॅनल,
रीसेटच्या भोकात काकूंची गोधडीची सुई.
दरवेळी मीटर म्हणे उणे एकोणीस,
म्हणजे तब्येत ठणठणीत, उजेड बरोबर येतोय,
आणि दरवेळी मी जामनेर रोडला लागेपर्यंत
खिशात फोन थरथरे: "तडवी, गेला."

आज सव्वीस. पारा सेहेचाळीस.
गाडीच्या सीटवर ओलं फडकं टाकून आलो, तेही वाटेत वाळलं.
काकूंनी न बोलता पन्हं ठेवलं.
काकांनी वही ठेवली.
चार रकाने, पट्टीनं आखलेले,
तारीख, वेळ, कोणता दिवा, शेरा.
पानाखाली सही. प्रत्येक पानाखाली.

मी काही वाचणारा माणूस नाही,
यावलच्या आश्रमशाळेत पुस्तक उघडलं की डुलकी लागायची.
पण पेला संपेस्तोवर बसावं लागतं,
म्हणून चाळली.

दहा मे. दोन अकरा. सर्व दिवे गेले.
अकरा मे. दोन पाच. सर्व दिवे गेले.
बारा मे. आभाळ आलेलं. दिवसभर हिरवा.
मग पुन्हा दोन नऊ, दोन सात, दोन बारा,
एकोणीस मे. सौ. वरणगावला, साखरपुडा. दिवसभर हिरवा.

परत वाचलं.
"काका, बारा तारखेला कूलर लावलेला?"
"आभाळ होतं. काहून लावू?"
"आणि एकोणीसला?"
ते जरा थांबले.
"एकट्यासाठी कशाला."

टेबलाखाली वाकलो.
एकच एक्स्टेंशन बोर्ड, पिवळा पडलेला.
त्यात नातवाचा जुना लॅपटॉप,
बॅटरीवाला, म्हणून त्याला कधी कळलंच नाही,
त्यात राउटर,
आणि एक जाड काळी वायर, खिडकीतल्या लोखंडी कूलरला गेलेली.
दोनला भांडी आटोपून काकू बटण दाबणार,
तो म्हशीसारखा अंग झाडत उठणार,
बोर्डातला सगळा जीव एका घोटात पिणार,
आणि राउटर बिचारा मटकन बसणार,
मग चार मिनिटं डोळे चोळत उठणार.

"म्हंजे," काका म्हणाले, "दोष सौ.चा."
आतला भांड्यांचा आवाज थांबला.
"लिहा नं मंग. लग्नापासून तेच तर लिहू राह्यले."

कूलरला भिंतीतला जाड प्लग दिला,
राउटर समोरच्या खिळ्यावर, दुसऱ्या बोर्डावर.
"लावा काकू."
तिघं उभे.
कूलर दचकला, थरथरला,
ओल्या वाळ्याचा वास आला.
हिरवा.
अजून हिरवा.

काकांनी पेन माझ्याकडे केलं.
शेऱ्यात मी लिहिलं, दोष दूर,
वेळ दोन एकतीस, रुबाब तडवी.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
एकतीसचे बत्तीस केले,
आणि खोडल्या जागी
आपली बारकी सही केली.